ज्याला कळ कळत नाही

मराठीत दुखण्याला एक शब्द पुरत नाही. दात ठणकतो, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, गळू ठसठसते, खरचटलेली जागा चुरचुरते, मोडलेला काटा सलतो, भाजलेल्या हाताची आग होते. सातारा-सांगलीकडच्या घरातले मूल हे शब्द कोणी न शिकवता शिकते, कारण शब्द कानावर येण्याआधीच तो अनुभव त्याच्या अंगाने घेतलेला असतो आणि आई पाठीवरून हात फिरवत जे बोलते ते त्या अनुभवाचे नाव म्हणून मनात राहते. वेदना न जाणवण्याचा विकार घेऊन जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत हा क्रम मोडतो. त्याच्यापाशी शब्द येतो, पण शब्दामागचा अनुभव कधीच येत नाही. अशा मुलाचे संगोपन म्हणजे एका अर्थाने वेदनेचे काम वेदनेवाचून करण्याचा रोजचा प्रयत्न असतो, आणि तो घरातल्या कोणातरी माणसाच्या डोळ्यांनी व हातांनी करावा लागतो.

वैद्यकशास्त्रात या स्थितीला जन्मजात वेदनाहीनता म्हणता येईल. ती अतिशय दुर्मीळ आहे. १९३२ साली अमेरिकेतील डॉ. जॉर्ज डिअरबॉर्न यांनी तिची पहिली सविस्तर नोंद केली, आणि त्यांचा तो रुग्ण रंगमंचावर अंगात टाचण्या टोचून घेऊन पोट भरत असे. माणसाच्या त्वचेत, सांध्यांत, हाडांच्या आवरणात आणि पोटातल्या अवयवांत अतिसूक्ष्म चेतातंतूंची टोके पसरलेली असतात, आणि इजा होऊ लागली की तीच टोके जागी होतात. त्यांतले काही तंतू वेगाने निरोप नेतात, म्हणून तव्याला लागलेला हात विचार करण्याआधी मागे येतो. दुसरे संथ असतात, म्हणून त्यानंतर बराच वेळ आग होत राहते. हा निरोप विजेच्या सूक्ष्म लहरीच्या रूपाने जातो आणि ती लहर उठण्यासाठी चेतातंतूच्या आवरणातली बारीक दारे उघडावी लागतात, ज्यांतून सोडियमचे कण आत शिरतात. या दारांना सोडियम वाहिन्या म्हणतात. वेदनेच्या तंतूंमधली एक विशिष्ट वाहिनी जन्मतःच निकामी असेल तर इजा होते, टोकांपर्यंत पोहोचते, पण पुढे निरोप जातच नाही.

हे नेमके कळले ते २००६ साली. केंब्रिजचे आनुवंशिकी तज्ज्ञ जेफ्री वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर पाकिस्तानातल्या, नात्यात लग्ने झालेल्या तीन कुटुंबांतील सहा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्या सर्वांत एससीएन९ए या जनुकात दोष आढळला. वर सांगितलेली वाहिनी घडवण्याची आज्ञा याच जनुकात असते. संशोधकांचे लक्ष ज्याच्यामुळे या कुटुंबांकडे गेले तो मुलगा रस्त्यावर खेळ करणारा होता. तो दंडातून सुरी आरपार घालून दाखवी आणि निखाऱ्यांवर चाले. चौदावा वाढदिवस येण्याआधीच घराच्या छपरावरून उडी मारून तो मेला. अभ्यासातल्या सहाही मुलांनी पहिल्या काही वर्षांत स्वतःचे ओठ किंवा जीभ चावून जखमी केली होती. त्यांना स्पर्श कळत होता, गार-गरम कळत होते, गुदगुल्या कळत होत्या. कळत नव्हती ती फक्त वेदना. गरम आहे हे कळूनही हात मागे घेण्याची निकड त्यांना वाटत नव्हती, आणि ही निकड म्हणजेच वेदना होय.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत अशा मुलाची ओळख पटायला उशीर होण्याचे एक कारण इथल्या संस्कृतीत आहे. हा तालमींचा मुलूख आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे होते, आणि गावोगावच्या आखाड्यांत सोसण्याला आजही मान आहे. स्वतःच्या अंगावर आसूड ओढणाऱ्या पोतराजापुढे माणसे हात जोडतात, आणि पडल्यावर न रडणाऱ्या पोराला ‘वाघ आहे’ म्हणून शाबासकी मिळते. हे कौतुक चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही, कारण सोसणे म्हणजे वेदना जाणवूनही मागे न हटणे. पैलवानाला खांद्यातली कळ जाणवते, म्हणूनच अंग किती ताणायचे हे तो ठरवू शकतो. वेदना न जाणवणारे मूल मात्र काहीच सोसत नसते. लसीची सुई टोचताना ते रडत नाही, गुडघे फुटले तरी खेळत राहते, आणि घरातल्या माणसांना त्याचा अभिमान वाटत असतानाच त्याच्या शरीराची झीज सुरू झालेली असते.

पहिला खरा इशारा बहुधा दातांबरोबर मिळतो. साधारण सहाव्या महिन्यानंतर दात येऊ लागले की मूल बोटे तोंडात घालते आणि चावल्यावर कळ न आल्यामुळे थांबत नाही. जिभेचे टोक, खालचा ओठ, बोटांची पेरे यांवर पुन्हापुन्हा जखमा होतात. पुढे चालू लागल्यावर एक पाय सुजतो, मूल किंचित लंगडते पण रडत नाही, आणि तपासणीत हाड मोडल्याचे, कधीकधी जुने मोडून वेडेवाकडे जुळल्याचेही दिसते. अशा वेळी पालकांवर मारहाणीचा संशय घेतला जाऊ शकतो. अंगभर वेगवेगळ्या वयाच्या जखमा असलेले मूल पाहून डॉक्टरांना तो संशय येणे स्वाभाविक आहे, पण जखमा दाबून पाहताना मूल शांत राहते की कळवळते हा साधा प्रश्न त्याच वेळी विचारला गेला तर एका आईवरचा मोठा अन्याय टळतो.

२०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीला वर्षातून दोनदा आणि शाळेला एकदा भेट द्यायची असते. चावलेली बोटे आणि न रडता सोसलेली सुई या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर मुलाला मिरज किंवा कराडसारख्या ठिकाणच्या बालरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञाकडे पाठवण्याची ती उत्तम संधी असते. तिथेही एक अडचण येऊ शकते. चेतातंतूंतून विजेचा प्रवाह किती वेगाने जातो हे पाहणारी नेहमीची तपासणी जाड तंतूंची असते, वेदना नेणारे तंतू मात्र बारीक असतात. त्यामुळे तो अहवाल सामान्य येऊ शकतो आणि ‘काही नाही’ असे सांगून कुटुंबाला परत पाठवले जाण्याचा धोका राहतो. निश्चित निदान जनुकीय तपासणीतून होते. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक मुंबईचे केईएम रुग्णालय आहे.

विकार कसा उतरतो हे समजून घेताना या भागातल्या सोयरिकींचा विचार टाळता येत नाही. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. या विकाराच्या बहुतेक प्रकारांत दोन्ही प्रती सदोष असल्या तरच मूल बाधित होते. आई आणि वडील प्रत्येकी एक सदोष प्रत बाळगून असतील तर दोघेही पूर्ण निरोगी असतात, पण प्रत्येक गरोदरपणात चारांत एक इतकी शक्यता बाधित मुलाची असते. ही दुर्मीळ प्रत दोघांकडेही असण्याचा संभव एकाच आजा-आजीपासून आलेल्या जोडप्यात वाढतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातील मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या रीतीची सविस्तर चर्चा केली आहे, आणि दक्षिण महाराष्ट्रात ‘मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क’ ही भाषा अजून पुसली गेलेली नाही. अशा लग्नांतून जन्मलेली बहुसंख्य मुले निरोगी असतात, आणि विकार नात्याबाहेरच्या जोडप्यांच्या मुलांतही आढळतो, हे दोन्ही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोष दोन्ही बाजूंकडून समसमान आलेला असतो. ‘सुनेच्या पोटी असे निपजले’ असे म्हणणाऱ्या घराला हे गणित कोणीतरी बसून समजावून द्यावे लागते. पुढच्या अपत्याचा विचार करण्याआधी आनुवंशिकी सल्ला घेतला आणि कुटुंबातला नेमका जनुकीय दोष ठाऊक असला तर गर्भावस्थेतही तपासणी शक्य होते.

घरात काय करायचे याचे ज्ञान मात्र या दुर्मीळ विकाराच्या अभ्यासातून फार थोडे आले. ते आले कुष्ठरोगाच्या दीर्घ अनुभवातून, आणि तो अनुभव सांगली जिल्ह्याला परका नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले तेव्हापासून हे शहर उपचारांसाठी ओळखले जाते, आणि कुष्ठरुग्णांसाठीचे रिचर्डसन रुग्णालयही मिरजेतच आहे. कुष्ठरोगाचे जंतू हातापायांच्या चेतातंतूंना इजा करतात आणि तो भाग बधिर होतो. बोटे रोगामुळे सडून गळतात असा समज पूर्वी सर्वत्र होता. १९४६ साली वेल्लोरला रुजू झालेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हा समज तपासून पाहिला आणि बोटे जातात ती रोजच्या वापरातल्या, न जाणवलेल्या जखमांमुळे, असे दाखवून दिले. त्यांना न उघडलेले एक गंजलेले कुलूप एका लहान रुग्णाने सहज उघडले, तेव्हा त्या मुलाचे बोट किल्लीने हाडापर्यंत कापले गेले होते आणि त्याला पत्ताही नव्हता. रात्रीतून बोटांचे तुकडे नाहीसे होण्याचे कोडे उलगडले तेव्हा झोपलेल्या रुग्णांची बोटे उंदीर कुरतडत असल्याचे निघाले, आणि त्यानंतर रुग्णांना मांजरे पाळायला देण्यात आली. शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे ठरलेले हे उपाय अतिशय घरगुती होते. मऊ तळाची एमसीआर चप्पल, रोज पाय साध्या पाण्यात भिजवून घट्टे घासणे, ओलसर त्वचेवर तेल लावणे, गरम भांडी उचलताना फडके वापरणे आणि संध्याकाळी तळवे पाहणे, हा सारा नेम जन्मजात वेदनाहीन मुलाच्या घरात जवळपास जसाच्या तसा लागू पडतो.

तो लागू करताना या भागातल्या घराची आणि शेताची रचना लक्षात घ्यावी लागते. अंघोळीचे पाणी बंबातून काढून विसणण्याचे काम मुलाकडे न देता मोठ्याने करायचे आणि पाणी स्वतःच्या हाताने पाहायचे. हंगामात गुऱ्हाळावरची रसाची काहिल आणि हळद शिजवण्याची भट्टी या जागी मुलाला एकटे सोडायचे नाही. उसाच्या फडात पाचटाच्या धारदार कडांनी डोळ्याला ओरखडा उठतो आणि सामान्य मूल लगेच डोळा चोळत घरी येते. या मुलाचा डोळा लाल होऊन बुबुळावर जखम चिघळेपर्यंत ते खेळत राहील, म्हणून धुळीच्या जागी संरक्षक चष्मा आणि रोज दोन्ही डोळे उजेडात पाहणे हे नियम असावेत. बाभळीचा काटा तळव्यात मोडला तर त्याचा सल जाणवत नाही आणि पू झाल्यावरच तो सापडतो, त्यामुळे घरातसुद्धा अनवाणी फिरू द्यायचे नाही आणि पायात घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा. ज्या प्रकारात एससीएन९ए जनुकाचा दोष असतो त्या मुलांना वासही येत नाही, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. गॅसची गळती किंवा करपलेले अन्न त्यांना नाकाने कळणार नाही.

सांध्यांचे नुकसान याहून सूक्ष्म असते आणि म्हणून अधिक घातक ठरते. निरोगी माणूस उभा असताना वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकतो, झोपेत कूस बदलतो, मांडी मोडून बसला की थोड्या वेळाने सरकतो. या हालचाली बारीकशा अवघडलेपणातून होतात, आणि ते अवघडलेपण म्हणजे वेदनेचेच सौम्य रूप असते. लग्नाच्या पंगतीत फरशीवर मांडी घालून बसलेले वेदनाहीन मूल जेवण संपेपर्यंत हलत नाही, आणि उठल्यावर घोट्याच्या बाहेरच्या हाडावर लाल डाग दिसतो. कुष्ठरुग्णांच्या घोट्यांवरच्या जखमाही अशाच बसण्यातून होतात. अशा न जाणवलेल्या ताणाने आणि बारीक मोडीने सांधा हळूहळू ढासळत जातो. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ साली वर्णन केल्यामुळे अशा सांध्याला त्यांचे नाव मिळाले आहे. म्हणून उंचावरून उड्या मारणे बंद करायचे, पोहण्याला उत्तेजन द्यायचे, बसताना जाड बैठक द्यायची आणि ठरावीक वेळाने उठवायचे. संध्याकाळच्या तपासणीत आईने हाताची पालथी बाजू दोन्ही गुडघ्यांवर आणि घोट्यांवर फिरवून पाहायची: एक बाजू दुसरीपेक्षा उबदार लागली किंवा सुजलेली दिसली, तर एक्स-रे होईपर्यंत मुलाला त्या पायावर चालू द्यायचे नाही. दातांच्या तीक्ष्ण कडा दंतवैद्याकडून गुळगुळीत करून घेता येतात आणि तोंडात बसवायचे संरक्षक आवरण बनवता येते. पोटातल्या विकारातही कळ येत नसल्यामुळे ताप, उलट्या आणि जेवणाला नकार एवढ्याच खुणा हाती असतात, आणि त्या दिसल्यावर ‘पोट दुखतंय का’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबता येत नाही.

या विकाराचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात वेदनेबरोबर घामही नसतो. वेदनेच्या व घामाच्या तंतूंची वाढ ज्या प्रथिनावर अवलंबून असते त्याचा शोध लावल्याबद्दल रिटा लेव्ही-माँताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रथिनाचा निरोप पेशीत पोहोचवणाऱ्या एनटीआरके१ या जनुकातला दोष १९९६ साली जपानी संशोधकांनी या प्रकारात दाखवून दिला. यांतल्या अनेक मुलांची बौद्धिक वाढही मागे राहते. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतल्या उन्हाळ्यात अशा बाळाचे अंग नुसत्या हवेने तापते आणि तो ताप जंतूंचा नसल्यामुळे तापाच्या गोळीने उतरेलच असे नाही. अंग ओल्या फडक्याने पुसत राहणे, पंख्याखाली ठेवणे, पाणी पाजत राहणे, घरात तापमापक ठेवून दर काही तासांनी पाहणे यांवर त्याचा जीव अवलंबून असतो, आणि पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न औषधाइतकाच निवाऱ्याचाही आहे.

मुलाला समज येऊ लागली की सगळे समजावून सांगावे आणि त्याने ते पाळावे अशी अपेक्षा निर्माण होते. इथे ब्रँड यांचा एक फसलेला प्रयोग डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. १९६६ नंतर अमेरिकेत काम करताना त्यांनी बधिर हातांसाठी कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब मोजणारी उपकरणे बसवली, दाब वाढला की कानात आवाज होई. आवाजाकडे दुर्लक्ष होते असे दिसल्यावर विजेचा झटका देण्याची सोय केली. पण रुग्णाला एखादे काम पुरे करायचेच असले की तो यंत्र बंद करी. धोक्याची माहिती आणि धोक्याची सक्ती यांत केवढे अंतर आहे ते या प्रयोगाने दाखवले. सात वर्षांच्या मुलाला चूल भाजते हे पाठ असते, पण खेळाच्या भरात हे पाठांतर त्याला थांबवणार नाही. म्हणून उपदेशापेक्षा सवय अधिक उपयोगी पडते: शाळेतून आल्यावर बूट काढून आरशात तळवे पाहणे हे दात घासण्यासारखे, न विचारता होणारे कर्म व्हावे लागते.

त्यातही मुलाचे मन सांभाळावे लागते. त्याला दुःख होते, भीती वाटते, रागावल्यावर ते रडते. जाणवत नाही ती फक्त शरीराची वेदना. पण जखम दाखवली की मोठी माणसे धावतात हे त्याला लवकर उमगते, आणि वर्गातली मुले टाचणी घेऊन ‘टोचून दाखव’ म्हणू लागली की त्याला आपण कोणीतरी विशेष आहोत असे वाटते. त्या पाकिस्तानी मुलाचा खेळ असाच कुठूनतरी सुरू झाला असावा. शिक्षकांना आधी सांगितलेले असेल तर हा खेळ पहिल्याच दिवशी थांबवता येतो. मारून शिस्त लावण्याचा मार्ग या घरात निरुपयोगीच नव्हे, तर धोक्याचाही आहे, कारण थप्पड कितपत जोरात बसली हे मुलाच्या चेहऱ्यावरून कळत नाही. दुसऱ्याला दुखते हेही त्याला मुद्दाम शिकवावे लागते. २००६ साली फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांना इतरांची वेदना चेहऱ्यावरून ओळखता येत होती, पण केवळ प्रसंगाच्या वर्णनावरून ती किती असेल याचा अंदाज त्यांना कमी येत होता. लहान बहिणीचे बोट दारात सापडले तर तिच्या चेहऱ्याकडे बघ, असे त्याला शिकवणे म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

या कुटुंबांच्या जनुकांनी जगाला बरेच दिले आहे. जी वाहिनी बंद असली की वेदना नाहीशी होते, तिच्यासारखी वाहिनी औषधाने थोडा वेळ बंद करता येईल का, या विचाराला २००६ च्या शोधाने मोठे बळ मिळाले, आणि तिच्याच जवळच्या एका सोडियम वाहिनीवर काम करणारे सुझेट्रिजिन हे व्यसन न लावणारे वेदनाशामक अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्य झाले. उलट दिशेने, या मुलांना वेदना परत देणारे रोजच्या वापराचे औषध अजून नाही. २०१५ साली एका वेदनाहीन स्त्रीला नॅलोक्सोन हे औषध दिल्यावर तिला आयुष्यात प्रथमच वेदना जाणवली, पण तो प्रयोगशाळेतला अनुभव होता.

तोवर आईची नजर हाच उपाय आहे, आणि ती नजर एकटीची असून चालत नाही. आजीला संध्याकाळची तपासणी शिकवलेली असावी, गावातल्या आशा कार्यकर्तीला बोटांच्या जखमा काय सांगतात ते ठाऊक असावे, शाळेत पडल्यावर मूल रडले नाही तरी घरी कळवायचे हे वर्गशिक्षकांना लिहून दिलेले असावे. मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की तपासणीचे काम थोडे थोडे त्याच्याकडे द्यायचे, आधी तळवे, मग हात, मग आरशात डोळे, आणि आईने नंतर फक्त पडताळून पाहायचे. त्याच्या दप्तरात एक जाड कागद असावा, ज्यावर मराठीत आणि इंग्रजीत त्याचे नाव, विकाराचे नाव, घाम येतो की नाही, घरचा फोन नंबर आणि एक ओळ लिहिलेली असावी: या मुलाला दुखत नाही असे ते सांगेल, तरीही एक्स-रे काढावा.